दया नको, दोर हवा

डिसेंबर २०१७मध्ये नेपाळ सरकारने गिर्यारोहणाच्या नियमांत दुरुस्ती केली. दृष्टिहीन आणि दोन्ही पाय गमावलेल्या व्यक्तींना शिखरचढाईची परवानगी मिळणार नाही, असे ठरले. अपघात कमी व्हावेत, हा हेतू सांगण्यात आला. हेतू चांगला, पण त्यामागचे गृहीतक मात्र सदोष होते. अमेरिकेचे दृष्टिहीन गिर्यारोहक एरिक वाइहेनमायर २००१मध्येच एव्हरेस्टवर पोहोचले होते. दोन्ही पाय गमावलेले न्यूझीलंडचे मार्क इंग्लिस २००६मध्ये. मार्च २०१८मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदीला स्थगिती दिली आणि १४ मे रोजी चीनचे शिया बोयू कृत्रिम पायांनी त्या शिखरावर उभे राहिले. १९७५मध्ये याच पर्वतावरील हिमदंशाने त्यांची पावले हिरावून घेतली होती!

एव्हरेस्टवर धडधाकट माणसेही प्राण गमावतात. तेव्हा प्रश्न अवयवांचा नसून तयारीचा आहे. २०११च्या रेल्वे दुर्घटनेत पाय गमावलेल्या अरुणिमा सिन्हा २१ मे २०१३ रोजी एव्हरेस्टवर पोहोचल्या, त्यामागे बचेंद्री पाल यांचे मार्गदर्शन आणि खडतर प्रशिक्षण होते. मेजर हरिपालसिंग अहलुवालिया यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९६५मध्ये त्यांनी एव्हरेस्ट सर केले. त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागली आणि उर्वरित आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेले. तरीही पर्वताने दिलेली जिद्द मावळली नाही. दिल्लीतील मणक्याच्या दुखापतींवरील रुग्णालय ही त्यांचीच उभारणी.

अशा पराक्रमांचे आपण कौतुक करतो, सत्कार करतो आणि घरातल्या अपंग मुलाला मात्र अंगणाबाहेर जाऊ देत नाही. ही माया खरी असली, तरी तिचा परिणाम बंदीसारखाच होतो. दिव्यांगांचा क्रीडाक्षेत्रातील सहभाग ही शासनाची जबाबदारी असल्याचे २०१६चा कायदा सांगतो. परंतु कायदा कोणाला गडावर नेत नाही. ते काम समाजाचे आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या वाटा गिर्यारोहण संस्थांच्या सहलींनी गजबजतात. त्यांत अंध, मूकबधिर वा कृत्रिम पाय लावलेले किती जण दिसतात?

सरसकट नकार देण्याऐवजी प्रत्येकाची क्षमता वैद्यकीय तपासणीने आणि जाणत्या प्रशिक्षकाच्या नजरेने पारखावी, त्यानुसार वाट निवडावी, सोबती तयार करावेत. प्रत्येकाने एव्हरेस्टच गाठावे असे नाही. एखादी टेकडी पुरे. पण ती चढायची की नाही, हे चढणाऱ्याने ठरवावे. इतरांनी दोर भक्कम धरावा, एवढीच अपेक्षा!