नागपूरला चित्रनगरी नको, कंपनी पाहिजे

नागपुरात सिनेमे शूट होतात. नागपूर सिनेमे बनवत नाही. हे वाक्य वाचून राग आला असेल तर बरंच झालं, कारण आपल्याला राग यायला फार उशीर झालाय.

सीताबर्डीतल्या सगळ्यात गजबजलेल्या चौकाचं नाव व्हरायटी. हे नाव एका टॉकीजचं. ज्या शहरात पत्ता सांगतानाही टॉकीज लागते, तिथे प्रेक्षक नाही असं कोणी म्हणू शकत नाही. चेहरे नाहीत असंही म्हणता येत नाही. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मधला लोकशाहीर नारायण कांबळे आठवा. ती भूमिका करणारे वीरा साथीदार नागपूरचे. चळवळीतला माणूस, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. २०१४ साली ‘कोर्ट’नं व्हेनिसच्या महोत्सवात दोन पुरस्कार घेतले, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिकही मिळवलं. २०२१ मध्ये कोरोनानं साथीदार गेले, तेव्हा आपण सगळ्यांनी ‘आपला माणूस’ म्हणून स्टेटस ठेवले. पण या आपल्या माणसावर पैसे लावणारी कंपनी मुंबईची होती.

त्या कंपनीची गोष्ट मुद्दाम सांगतो. झू एंटरटेनमेंट. विवेक गोम्बर हा मुळात नट, ताम्हाणेच्या नाटकात काम केलेला. ताम्हाणेकडे फक्त एक कल्पना होती, तेव्हा गोम्बरनं त्याला दरमहा पैसे देऊन लिहायला बसवलं. स्वतः निर्माता झाला, सिनेमात वकिलाची भूमिकाही केली. पुढे याच जोडीनं ‘द डिसायपल’ केला आणि २०२० मध्ये त्याला व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळाला. कंपनी म्हणजे एवढंच: सिनेमा दिसायच्या आधी, तो लिहिला जात असताना कोणीतरी घरभाडं भरणं. कॅमेरा भाड्यानं मिळतो, लिहिणाऱ्याचं एक वर्ष मिळत नाही.

आता ‘झुंड’. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन फुटबॉल उभा केला, त्यावरून प्रेरित झालेला सिनेमा. शूटिंग नागपुरात, पोरंही इथलीच. ४ मार्च २०२२ ला तो लागला आणि अंकुश गेडामला पुढच्या वर्षी पदार्पणाचं फिल्मफेअर मिळालं. वर्षानुवर्षं मोठ्या पडद्यावर विदर्भाची बोली म्हणजे हसायचा माल होता. इथे ती बोलणारी पोरं नायक झाली. पण हे घडायला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरहून नागराज मंजुळे यावे लागले. गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर होती, आपण ती सांगितली नाही.

मंजुळेंचं कौतुक दिग्दर्शक म्हणून सगळे करतात. मला त्यांच्या ‘आटपाट’ या निर्मितीसंस्थेबद्दल बोलायचंय. २०१६ चा ‘सैराट’ शंभर कोटींवर गेला. त्यानंतर एकाच माणसाच्या नावावर सैराट-दोन, सैराट-तीन काढत बसणं सोपं होतं. ‘आटपाट’च्या यादीत मात्र ‘सैराट’चा कॅमेरामन सुधाकर रेड्डी यक्कंटी दिग्दर्शक म्हणून दिसतो. त्याचा ‘नाळ’ २०१८ मध्ये आला, पदार्पणाचं राष्ट्रीय पारितोषिक घेऊन गेला, आणि त्यातला चैत्या आपल्याकडची बोली बोलतो. त्याच यादीत ‘पावसाचा निबंध’ हा लघुपट आहे, ‘घर बंदूक बिर्याणी’ आहे, ‘नाळ २’ आहे. सगळेच सारखे जमलेत असं नाही. पण एक चालला म्हणून दुसऱ्याला संधी मिळते, ही साखळी संस्थेतच तयार होते. एकट्या टॅलेंटवाल्याला मुंबईची गाडीच पकडावी लागते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: पैसा कुठाय भाऊ? १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ सुरू झाली, तेव्हा दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम यांच्याबरोबर पाचवे भागीदार होते सीतारामपंत कुलकर्णी. ते सराफीच्या धंद्यातले. सात वर्षांत ‘संत तुकाराम’ आला आणि पुढच्या वर्षी तो व्हेनिसमध्ये गौरवला गेला. इतवारीचा सराफा आणि बर्डीची मेन रोड बघून नागपुरात पैसा नाही असं कोणी म्हणू नये. पैसा आहे, तो प्लॉटमध्ये जातो. आणि ‘प्रभात’ही १९५३ ला बंद पडलीच की, असं म्हणाल तर हो, पडली. तिच्या जागेवर आज पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे. आपल्याकडे बंद पडायलासुद्धा काही नाही.

आपले नेते मात्र चित्रनगरीबद्दल बोलतात. रामटेकच्या बाजूला सेट, रस्ते, हॉटेलं. होऊ द्या. पण चित्रनगरी ही बाहेरून येणाऱ्याची सोय असते. तो येईल, आपल्या पोरांना गर्दीत उभं करील, दिवसाची मजुरी देईल आणि निघून जाईल. गोष्ट कोणाची सांगायची, हे त्याच्याच ऑफिसात ठरेल.

मोबाइलवर हे वाचणाऱ्या तुम्हा मंडळींकडे कॅमेरा आहे, एडिटिंग येतं, रोज रील निघते. मग एक काम करा. पाच जण जमा. त्यात एक जण हिशोब सांभाळणारा असू द्या, आणि तो गमतीतला नको. कागदावर भागीदारी करा, कोणाचा किती वाटा ते आधीच लिहा. बर्डीतल्या एखाद्या दुकानदाराकडे जाहिरातीसाठी नाही, एका लेखकाच्या एका वर्षाच्या पगारासाठी जा. पहिला लघुपट फसेल. दुसरा करायला तीच पाच माणसं नागपुरातच असली, तर समजा कंपनी सुरू झाली.