‘चाहत्यांना बदल सोसत नाही’ : एका सोयीच्या दंतकथेचा इतिहास

#थ्रेड

१/
अमेरिकी कॉमिक्सच्या विश्वात एक बचाव पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. लाडक्या सुपरहिरोची दुर्दशा करावी, वाचक संतापले की सांगावे : चाहते बालिश असतात, त्यांना बदल सोसत नाही आणि लेखकाचे स्वातंत्र्य त्यांना खुपते. गेल्या पन्नास वर्षांतील प्रकरणे तपासली, तर हा बचाव टिकत नाही. वाचकांचा राग बहुतेक वेळा बदलावर नसतो. कथेने वाचकाला सोसायला लावलेले दुःख प्रकाशकाने स्वतःच खोटे ठरवावे, यावर तो असतो.

२/
आरंभ १९७३ पासून करावा लागतो. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’, अंक १२१. लेखक जेरी कॉनवे, चित्रकार गिल केन. ग्रीन गॉब्लिन ग्वेन स्टेसीला पुलावरून खाली फेकतो. स्पायडर-मॅन तिला जाळ्याने अडवतो, तरीही ती मरते. कदाचित त्या जाळ्याच्या झटक्यानेच. नायक वेळेवर पोहोचला की माणूस वाचतो, हा या कथाप्रकारातील अलिखित करार त्या पानावर मोडला.

३/
वाचक तेव्हाही चिडले. पण आज तीच कथा कॉमिक्सच्या इतिहासातील मैलाचा दगड मानली जाते आणि तिला हा मान देणाऱ्यांत चाहतेच पुढे आहेत. कारण त्या मृत्यूला परिणाम होता. पीटर पार्करने ते ओझे अनेक वर्षे वाहिले. उथळ वाटणारी मेरी जेन त्या दुःखातूनच प्रौढ झाली. पुढे ग्वेनची प्रतिकृती कथेत आली, तरी मूळ मृत्यू दशकानुदशके अबाधित राहिला. ज्यांना बदल सोसत नाही, असे वाचक ही कथा डोक्यावर घेते ना.

४/
दुसरा पुरावा याहून बोलका आहे. १९८८ मध्ये ॲलन मूर (लेखन) आणि ब्रायन बोलंड (चित्रे) यांचे ‘द किलिंग जोक’ आले. त्यात जोकर बार्बरा गॉर्डनवर, म्हणजे पूर्वीच्या बॅटगर्लवर, गोळी झाडतो आणि तिचे पाय कायमचे निकामी होतात. कथा मात्र तिची नाहीच. ती तिच्या वडिलांची आणि बॅटमॅनची. तिच्या यातना हे निव्वळ साधन.

५/
हे अनेकांना खटकले. किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखकदांपत्याने त्यावर उत्तर शोधले. घडलेले पुसून न टाकता त्यांनी १९८९ मध्ये ‘सुसाइड स्क्वॉड’मध्ये बार्बराला ‘ओरॅकल’ म्हणून उभे केले : व्हीलचेअरवरून माहितीचे जाळे सांभाळणारी, बॅटमॅनलाही जिची गरज भासते अशी नायिका. वाचकांनी, विशेषतः अपंग वाचकांनी, तिला आपले मानले.

६/
मग २०११ मध्ये डीसीने ५२ मासिकांसह आपले सारे विश्व नव्याने सुरू केले. बार्बरा पुन्हा चालू लागली, पुन्हा बॅटगर्ल झाली. ‘चाहत्यांना जुनेच हवे असते’ हे खरे असते, तर सर्वत्र आनंदीआनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात अनेक वाचकांनी निषेध केला. सुपरहिरोंच्या जगात आधीच दुर्मीळ असलेली एक अपंग नायिका त्यांच्यापासून हिरावली गेली होती. जुन्याकडे परतण्याला येथे विरोध चाहत्यांनी केला.

७/
आता ‘लेखकाच्या स्वातंत्र्या’कडे वळू. १९८७ मध्ये स्पायडर-मॅनचा विवाह झाला. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये हजारो प्रेक्षकांसमोर त्याचा लुटुपुटीचा सोहळाही झाला आणि तो खुद्द स्टॅन ली यांनी लावला. वीस वर्षांनी, २००७ च्या ‘वन मोअर डे’मध्ये, मेफिस्टो नामक सैतानाशी सौदा करून तो विवाह कधी झालाच नाही असे ठरवण्यात आले.

८/
हा निर्णय कोणाचा होता? विवाह नको, ही भूमिका मार्व्हलचे तत्कालीन मुख्य संपादक जो केसाडा यांची होती आणि चित्रेही त्यांचीच. लेखक जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की यांना शेवट इतका नापसंत होता की, अखेरच्या अंकांवरून आपले नाव काढावे असे त्यांना वाटले होते. ज्या कथेवर लेखकालाच आपले नाव नको होते, तिच्या बचावासाठी लेखकाचे स्वातंत्र्य पुढे करणे हा शुद्ध कांगावा आहे.

९/
हे अपवादाने घडलेले नाही. १९९४ मध्ये ‘ग्रीन लँटर्न’च्या आधीच्या लेखकाने आखलेले कथानक संपादकीय पातळीवर बाजूला सारले गेले आणि रॉन मार्झ यांना आणून हॅल जॉर्डनला तीन अंकांत संहारक बनवले गेले. पुढे दहा वर्षांनी, त्या पापाचे खापर एका परग्रही शक्तीवर फोडून, हॅल सन्मानाने परतला. जबाबदारीही गेली आणि शोकही वाया गेला.

१०/
याचे मूळ मालकीत आहे. १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले. सन्मानाने श्रेय आणि वार्षिक निवृत्तिवेतन मिळायला १९७५ साल उजाडावे लागले. तेव्हापासूनचा नियम असा : पात्र कंपनीचे, लेखक मोलाने आणलेला. कंपनीला पात्र संपूही द्यायचे नसते आणि म्हातारे होऊही द्यायचे नसते. म्हणून धक्का द्यायचा आणि सावकाश मागे घ्यायचा. बदल खरोखर कोणाला सोसत नाही, हे येथे उघड होते.

११/
या धोरणाचा सर्वांत उघड आघात कॅप्टन अमेरिकावर झाला. जो सायमन आणि जॅक कर्बी हे ज्यू स्थलांतरितांचे पुत्र. त्यांच्या नायकाने मार्च १९४१ च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा लगावला, तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. २०१६ मध्ये त्याच नायकाला, नाझींशी नाते असलेल्या ‘हायड्रा’ या काल्पनिक संघटनेचा हस्तक म्हणून दाखवले गेले. २०१७ मध्ये ‘खरा’ स्टीव्ह रॉजर्स परत आला आणि प्रकरण मिटले.

१२/
तेव्हाही ‘गोष्ट पूर्ण होईपर्यंत थांबा’ असेच सांगण्यात आले. पण ज्यांना ते मुखपृष्ठ कोणी, केव्हा आणि कशासाठी काढले हे ठाऊक होते, त्यांची वेदना कथानकातील कोड्याविषयी नव्हती. त्या प्रतिमेचा इतिहास वर्षभराच्या सनसनाटीसाठी गहाण टाकला गेला, ही त्यांची तक्रार होती.

१३/
चाहत्यांचे सारेच समर्थनीय आहे, असा याचा अर्थ नव्हे. १९८८ मध्ये दुसरा रॉबिन, जेसन टॉड, जगावा की मरावा यासाठी डीसीने दूरध्वनीवर मतदान घेतले. एका कॉलला ५० सेंट. मृत्यूच्या बाजूने ५,३४३ मते, जगण्याच्या बाजूने ५,२७१. केवळ ७२ मतांनी एक मुलगा मेला. २०११ मध्ये माइल्स मोरालेस हा कृष्णवर्णीय, लॅटिनो वंशाचा स्पायडर-मॅन आला, तेव्हा उघड वंशद्वेषी प्रतिक्रिया उमटल्या. लेखकांना धमक्याही आल्या आहेत. त्याला निषेधाखेरीज उत्तर नाही.

१४/
परंतु मूठभर द्वेष्ट्यांच्या आड सर्व टीका दडपणे प्रकाशकांच्या फार सोयीचे आहे. माइल्स टिकला तो वाचकांनीच स्वीकारल्यामुळे. आणि जेसन? तोही २००५ मध्ये जिवंत परतला. मतदानासाठी पैसे घेणाऱ्या कंपनीने मतदानाचा निकालही पाळला नाही.

१५/
पुढच्या वेळी एखाद्या नायकावरून वादळ उठेल, तेव्हा ‘चाहते बालिश’ हा शिक्का मारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. निर्णय लेखकाचा होता की संपादकाचा? दुःख कोणाच्या वाट्याला आले आणि कथा कोणाची होती? परिणाम किती वर्षे टिकला? इतिहासाच्या अभ्यासात कोणत्याही साधनाला असेच प्रश्न विचारले जातात. रंगीत चित्रांच्या पुस्तकांना त्यातून सूट देण्याचे कारण नाही.

(थ्रेड समाप्त)