घरकर्जाआधी वारसनोंद



घरकर्जासाठी पगारपत्रक, फॉर्म 16, बँकेचा खातेउतारा, आधार, पॅन आपले लोक जमवतात. फाईल अडते ती जागेच्या कागदावर.

मेहकर असो की मलकापूर, खेड्यात आपण नमुना 8 दाखवतो. तो कर आकारणीचा उतारा आहे; एवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका काढा. तीवर वारलेल्या वडिलांचे नाव असेल तर वारसनोंद करा. त्यात आई व बहिणी हव्यातच. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे.

हिंदू कोड बिल रखडले, तेव्हा 1951 साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. आपण बहिणीचे नाव सोडू नये, एवढेच आमचे सांगणे.