पाळणाघराचे दार आणि कॅमेऱ्याचा डोळा

नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत आजी घरात नसते, आजोळ रेल्वेच्या एका नाही तर दोन रात्रींच्या अंतरावर असते, आणि शेजार तर बदलीबरोबर बदलतच असतो. त्यामुळे मूल वर्षाचे होते न होते तोच पाळणाघराचा शोध सुरू होतो. या शोधात अलीकडे एक प्रश्न सर्वांत आधी विचारला जाऊ लागला आहे. ‘कॅमेरे आहेत का, आणि त्यांतील चित्र आम्हांस कचेरीत बसून मोबाइलवर पाहता येईल का?’ किती मुलांमागे किती मावश्या आहेत, त्या तेथे किती वर्षे टिकून आहेत, त्यांस वेतन काय मिळते, हे प्रश्न मागाहून येतात. पुष्कळदा येतच नाहीत. कॅमेऱ्याविषयी होकार मिळाला की आईबाप निःशंक होतात. ही निःशंकता पोकळ आहे, आणि पुष्कळदा ती मुलाच्याच हिताआड येते. म्हणून पाळणाघरचालकांनी पालकांस असे थेट चित्र दाखवू नये व पालकांनीही ते मागू नये, हे मत मी येथे स्पष्टपणे मांडीत आहे.

हे मत लोकप्रिय नाही, याची मला जाणीव आहे. गणेशोत्सवाच्या आरतीनंतर किंवा हळदीकुंकवाच्या बैठकीत ते उच्चारले की, ‘तुम्हांला मुलीची काळजी वाटत नाही का?’ असा प्रश्न हमखास येतो. म्हणून आधीच सांगते. मी दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कचेरीत लिपिक आहे, माझे पतीही नोकरी करतात, आणि आमची अडीच वर्षांची मुलगी रोज नऊ तास पाळणाघरात असते. बालसंगोपनाची ७३० दिवसांची रजा २००८ सालापासून आम्हां स्त्री कर्मचाऱ्यांसाठी आहे हे खरे. पण ती हक्क म्हणून मागता येत नाही, आणि प्रत्यक्षात ती कशी मंजूर होते हे या मासिकाच्या वाचकांस मी सांगावयास नको. तेव्हा काठावर उभे राहून पोहण्याचे धडे देण्याचा हा प्रकार नव्हे.

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा प्रथम घेते. तान्हे मूल बोलू शकत नाही. त्याच्यावर काय गुदरले हे सांगणारा कोणी तरी हवा, आणि तो कॅमेरा होय, असे म्हणतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला अमानुष मारहाण झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीला लागूनच असलेल्या नोएडात पंधरा महिन्यांच्या मुलीच्या बाबतीत तसाच प्रकार घडला. दोन्ही प्रसंगी कॅमेऱ्यातील चित्रणाने गुन्हा उजेडात आणला. हे पाहून कोणाचे काळीज हलणार नाही?

परंतु या दोन घटना नीट पाहाव्यात. दोन्ही ठिकाणी पहिली शंका आली ती मुलीच्या अंगावरच्या खुणा पाहून, आईबापांच्या स्वतःच्या डोळ्यांना. मग चित्रण काढून तपासले गेले आणि पुरावा हाती आला. येथे कॅमेऱ्याने केले ते साक्षीदाराचे काम. साक्षीदार कॅमेऱ्यास माझा मुळीच विरोध नाही. माझा विरोध आहे तो वीस घरांतल्या चाळीस माणसांना दिवसभर बसल्याजागी खेळ दाखविणाऱ्या कॅमेऱ्यास. साक्ष ही घडलेल्या गोष्टीची असते, ती जपून ठेवतात आणि प्रसंग पडला म्हणजे दोन्ही पक्षांसमोर उघडतात. प्रेक्षण निराळे. त्याला ना वेळ असते, ना उत्तरदायित्व. ‘कोणी तरी थेट पाहत असते तर गुन्हाच घडला नसता,’ असे कोणी म्हणेल. पण नऊ तासांत आपण पाहणार दहा मिनिटे, तीही फाईल आणि चहा यांच्या मधल्या. शिवाय अंघोळीच्या व शौचाच्या जागी कॅमेरा नसतो आणि नसावाही. ज्या बाईच्या मनात दुष्टावा आहे, तिला ही जागा कॅमेरा बसविणाऱ्याआधी ठाऊक असते.

आता थेट चित्र सुरू झाले म्हणजे प्रत्यक्षात काय होते ते पाहू. आमच्या पाळणाघरात गेल्या वर्षी ही सोय करण्यात आली. पहिल्याच आठवड्यात दूरध्वनी खणखणू लागला. ‘माझ्या मुलाचे पांघरूण सरकले आहे.’ ‘ती रडते आहे आणि तुम्ही दुसऱ्याला भरवीत बसला आहात.’ ‘त्याच्या हातातली गाडी त्या मुलाने ओढून घेतली, तुम्ही पाहत काय होता?’ प्रत्येक सूचना एकेका आईच्या दृष्टीने रास्तच होती. पण मावश्या दोघी, मुले सोळा आणि पाहणारे डोळे कितीतरी! थोड्याच दिवसांत मावश्यांस उमगले की, कोणाची आई वारंवार पाहते आणि कोणाची पाहत नाही. जिचे डोळे पडद्याला चिकटलेले, तिचे मूल आधी उचलले जाऊ लागले. त्याच पाळणाघरात एका परिचारिकेचा मुलगा आहे. पाळीवर असताना तिला मोबाइल हाती धरता येत नाही. त्याची पाळी शेवटी येऊ लागली. दोष मावशीला द्यावा काय? जिकडून बोलणी बसतात तिकडे माणूस आधी धावतो. ज्या मुलाला खरोखर गरज आहे त्याच्याकडे जाण्याचे तिचे स्वातंत्र्य आपण काढून घेतले आणि त्याला देखरेख असे नाव दिले.

मुलांच्या बाजूनेही विचार व्हावा. रांगणारे मूल पडते, उठते, दुसऱ्याचे खेळणे ओढते, चावते, रडून रडून आपणच थांबते. यातूनच ते शिकते. शहाणी मावशी क्षणभर थांबून पाहते आणि मग हात देते. पण पडद्यावर तो क्षण हेळसांडीसारखा दिसतो. म्हणून मावशी थांबेनाशी होते. मूल पडण्याआधीच उचलते, भांडणाआधीच दोघांस वेगळे बसविते. पडद्यावर सर्व शांत दिसते. ही शांतता पाहून समाधान मानणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की, सोळा मुलांच्या खोलीत दुपारी बारा वाजता शांतता असेल तर ती चांगली खूण नव्हे.

आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. माझ्या मोबाइलवर माझी मुलगी एकटी दिसत नाही. तिच्याबरोबर पंधरा घरांची मुले दिसतात. कोणी उघडे, कोणी आजारी, कोणी हट्ट करणारे. ती पाहण्याचा अधिकार मला कोणी दिला? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तो सज्ञानांपुरता नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीसाठी आईबापांच्या संमतीची अट घातली. माझ्या मुलीपुरती संमती मी देईन. शेजारच्या मुलाची कशी देणार? आणि हे चित्र पालकांपाशीच राहते, हा तरी भरवसा कोठे आहे? फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोट येथील एका प्रसूतिरुग्णालयाच्या कॅमेऱ्यांतील स्त्रियांची चित्रे बाहेर जाऊन विकली गेल्याचे उघड झाले. सुरक्षिततेसाठी म्हणूनच ते कॅमेरे बसविले होते. मोठ्या रुग्णालयाला जे राखता आले नाही, ते तीन खोल्यांचे पाळणाघर कसे राखणार?

आपण सरकारी माणसे. आपणांस तर हा विषय इतरांहून लवकर कळावयास हवा. २०१४ साली दिल्लीतील केंद्रीय कचेऱ्यांत बोटाच्या ठशाची हजेरी सुरू झाली. यंत्राला बोट दिसते. त्या बोटाने दिवसभरात काय लिहिले ते दिसत नाही, ही तक्रार त्या वेळी कोणी केली नाही? वेळेवर बोट टेकवून चहाला जाणारा आणि दहा मिनिटे उशिरा येऊन रात्री आठपर्यंत बसणारा यांतला फरक यंत्राला कळत नाही, हे आपण एकमेकांस किती वेळा सांगितले! मग तेच यंत्र मावशीवर लावताना आपला सूर का बदलतो? तीच गोष्ट गोपनीय अहवालाची. आपल्याविषयी काय लिहिले आहे हे आपणांस कळलेच पाहिजे, यासाठी कर्मचारी झगडले. १२ मे २००८ रोजी देवदत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक नोंद कर्मचाऱ्यास कळविली पाहिजे, असा निर्वाळा दिला. आपल्या बाबतीत जे अन्याय्य ठरले, ते महिन्याकाठी आपल्या पगाराच्या चौथाईवरही न पोचणाऱ्या बाईच्या बाबतीत न्याय्य कसे? तिच्यावर चाळीस वरिष्ठ नेमलेले आहेत, त्यांतला एकही तिला दिसत नाही, आणि तिचे म्हणणे ऐकून घेण्याची रीत कोठेच नाही.

आणि आपण तिला म्हणतो काय? मावशी. माय मरो पण मावशी जगो, असे म्हणणारी आपली भाषा. हा शब्द आपण फुकट वापरतो आणि त्याचे ऋण मात्र मानीत नाही. ज्या बाईवर क्षणभरही विश्वास नाही तिच्या हाती मूल सोपवूच नये; आणि सोपविले तर विश्वासाला लागणारी किंमत मोजावी. ती किंमत म्हणजे पुरेशा मावश्या, पुरेसे वेतन, थोडे शिक्षण, आणि वर्षानुवर्षे तीच माणसे. चालकांना कॅमेरा यासाठीच प्रिय आहे की तो तिसऱ्या मावशीहून स्वस्त पडतो. एकदा बसविला की पगार मागत नाही, आणि पालकांच्या तोंडावर हात ठेवतो.

या बाबतीत आपल्या भाषेतील परंपरा काय सांगते? ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीस गेल्या. तेथे वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तेथून आला, आणि १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला. अंगणाला भिंत नसते. येणारीजाणारी आई उभी राहून पाहते, चार शब्द बोलते, हवे तर बसते. आणि ती पाहते आहे हे ताईंना दिसत असते. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत राजघाटाजवळच्या बांधकामावर मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केले, तेही आई जेथे काम करते तेथेच. या दोघींनी पाहण्याला नाही म्हटले नाही. त्यांनी पाहणाऱ्याला जवळ आणले.

‘अंगणाच्या गोष्टी खेड्यात ठीक, माझी कचेरी पाळणाघरापासून मेट्रोने तासाभराच्या अंतरावर आहे, मी जाऊ कशी?’ हा प्रश्न खरा आहे, आणि खरा लढा येथेच आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिलाभ कायद्यात तरतूद आली की, पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद घेतली गेली. कायद्याने आईला चार फेऱ्या दिल्या, म्हणजे दार दिले. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९५४ साली स्थापन झालेले गृहकल्याण केंद्र सरकारी वसाहतींत पाळणाघरे चालवीत आले आहे. ही कल्पना आपणांस नवी नाही. मग आपल्या संघटनांच्या मागणीपत्रांत कचेरीलगतच्या पाळणाघराचे कलम किती वेळा वरच्या क्रमांकावर आले? हाती मोबाइल आला आणि त्या मागणीची धारच बोथट झाली. दूरचे मूल पडद्यावर दिसते, मग जवळ आणावयाचे कशाला!

हा डोळा पाळणाघरापाशी थांबतही नाही. जुलै २०१९ मध्ये दिल्ली सरकारने आपल्या शाळांच्या वर्गांत कॅमेरे बसवून पालकांस मोबाइलवर वर्ग दाखविण्याची योजना सुरू केली; सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती देण्यास नकार दिला. दीड वर्षाचे असल्यापासून सतत कोणी तरी पाहत असण्याची सवय ज्याला लागली, त्या मुलाला मोठेपणी एकान्ताची किंमत कोण शिकविणार?

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. कॅमेरा असावा, पण त्याचे चित्रण ठरावीक दिवस कुलुपात राहावे. तक्रार येताच ते पालक, चालक आणि मावशी या तिघांसमक्ष उघडावे. थेट चित्र कोणासही दाखवू नये. त्याऐवजी पाळणाघराचे दार दिवसभर, न कळविता, कोणत्याही आईबापास उघडे असावे. जे चालक हे मान्य करीत नाहीत त्यांच्याकडे कितीही कॅमेरे असले तरी मूल ठेवू नये. सायंकाळी मुलाला घेताना दहा मिनिटे मावशीपाशी बसावे, मुलाने काय खाल्ले, केव्हा रडले, कोणाशी खेळले हे विचारावे, आणि घरी गेल्यावर अंघोळीच्या वेळी मुलाचे अंग स्वतः पाहावे. खारघरला आणि नोएडाला गुन्हा प्रथम कळला तो याच पाहण्याने.

माझ्या सहकारी बंधुभगिनींनो, येत्या महिन्यात पाळणाघराचे शुल्क भरताना चालकांस एकच विचारा: ‘उद्या दुपारी मी न सांगता आले, तर दार उघडाल का?’ ‘ॲपवर पाहा ना,’ असे उत्तर आले तर मूल कोठे ठेवू नये, हे तुम्हांस कळून चुकेल.