सातासमुद्रापलीकडची जयंती

आपल्या वस्तीतले पोर परदेशात शिकायला जाणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची तर १९५४-५५ पासून आहे. गिरणी कामगाराची नात, सफाई कामगाराचा मुलगा इंग्लंडच्या विद्यापीठात पोचतो. विमानतळावर अर्धी चाळ जाते, हार पडतात, जयभीमचा गजर होतो, फोटो छापून येतो. त्यानंतरच्या वर्षाबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

सुरुवातीला घरी फोटो येतात. नदीकाठी सायकलवर, मित्रांच्या घोळक्यात पिझ्झा खाताना, डोक्यावर लोकरी टोपी घालून हसताना. आई ते शेजारणीला दाखवते. मग भाऊबंदांत कुजबुज सुरू होते, "शिकायला गेलाय का फिरायला?" एखादा मामा फोनवर सुनावतोच, "समाजाच्या जिवावर गेलायस, ध्यानात ठेव." झाले! त्या दिवसापासून पोर फोटो पाठवणे बंद करते. हसते तेही चोरून.

हे आम्हाला फार लागते. आमच्या पिढीने कॉलेज कसे केले? दिवसा हातगाडीवर नाहीतर दुकानात काम आणि रात्री वर्ग. बी.कॉम.ची पदवी पदरात पडली, पण कॉलेजचे गॅदरिंग आम्हाला ऐकूनच ठाऊक. आता आपल्याच घरातले एक लेकरू रात्री दोनपर्यंत गप्पा मारत बसते, आठ जणांच्या सामाईक स्वयंपाकघरात कोणाच्याही ताटातला घास उचलते. शेजारच्या खोलीतल्या नायजेरियन किंवा चिनी मुलाला त्याच्या आडनावावरून काही कळत नाही. (आपलेच देशबांधव तिथेही आडनाव विचारतात, ती गोष्ट वेगळी.) हे मोकळेपणसुद्धा शिक्षणच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. सुरुवातीचे काही महिने तेही विद्यार्थ्यांच्या मौजमजेत रमले होते आणि नंतर विचार करून त्यांनी स्वतःला अभ्यासात झोकून दिले, असे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. कोलंबियातील वर्गमित्रांना ते पुढे आपल्या आयुष्यातले उत्तम मित्र म्हणत. आपण भाषणात फक्त अठरा तासांचा अभ्यास सांगतो, मित्र सांगत नाही.

पण या मौजेला एक भोक असते, ते सणाच्या दिवशी दिसते. अशोक विजयादशमी ऑक्टोबरच्या आसपास येते, तेव्हा तिकडे सत्र नुकतेच लागलेले असते. इकडे दीक्षाभूमीवर लाखोंचा सागर आणि तिकडे सकाळी नऊचा तास. बुद्ध पौर्णिमा बहुधा मे महिन्यात, म्हणजे ऐन परीक्षेत. चौदा एप्रिलला कधीकधी ईस्टरची सुट्टी असते, पण नुसत्या सुट्टीचे काय करायचे? निळा गुलाल नाही, मिरवणूक नाही, पांढरी साडी नेसून वंदनेला निघालेली आई नाही.

आमच्या ओळखीची एक मुलगी सांगत होती. तेरा एप्रिलच्या रात्री इकडे बाराचा ठोका पडतो तेव्हा इंग्लंडमध्ये संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. ती पास्ता परतत होती आणि फळीवर टेकवलेल्या फोनमधून वस्तीतला ढोलताशा ऐकू येत होता. सोबतच्या मुलींनी विचारले, कसला गलका? ती म्हणाली, वाढदिवस. कोणाचा? ती सांगत राहिली आणि पास्ता तळाला लागला. सगळ्यांनी मिळून तो खरवडून खाल्ला. पुढे बुद्ध पौर्णिमेला तिने खीर केली तेव्हा त्याच मुली वाट्या घेऊन दारात उभ्या होत्या.

लंडनमध्ये असणारी मुले दहा, किंग हेन्रीज रोडवरच्या घरी जाऊन येतात. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेऊन स्मारक केले. वुल्व्हरहॅम्प्टनला बुद्धविहार आहे. तिथले बांधव बरेचसे पंजाबी, त्यामुळे मराठी कोणी बोलत नाही, पण जयभीमला जयभीमच उत्तर येते. अशा ठिकाणांची माहिती मुलाने जाण्याआधीच काढून द्यावी. लोणच्याच्या बरणीइतकीच ती गरजेची आहे.

सर्वांत जड दिवस कोणता, तर पंचवीस डिसेंबर. तो आपला सण नव्हे, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. सोबतची गोरी मुले नाताळला आपापल्या घरी गेलेली असतात. वसतिगृह ओस पडते. दुकाने बंद आणि त्या दिवशी रेल्वेगाड्याही धावत नाहीत. चारच्या सुमारास अंधार पडतो. इकडे आपण १९२७ च्या महाडची आठवण म्हणून मनुस्मृती दहन दिनाच्या कार्यक्रमाला गेलेलो असतो, महिला मंडळाची धावपळ असते, आणि तिकडे आपले पोर रिकाम्या स्वयंपाकघरात एकटे जेवते.

त्या दिवशी कार्यक्रमाच्या गडबडीतून दहा मिनिटे काढून फोन करा. अभ्यास, मार्क, पैसे काही विचारू नका. काय खाल्लेस ते विचारा, आणि मंडळातल्या बायकांचा गोंगाट थोडा ऐकू द्या. फक्त घड्याळ सांभाळा. हिवाळ्यात तिकडची वेळ साडेपाच तास मागे असते. सकाळी सहाला फोन लावलात तर पोराची मध्यरात्र होईल. दुपारी दोननंतर करा.