रेषा सातबाऱ्यावर उतरू द्या

नागपूरपासून अरबी समुद्र सुमारे सातशे किलोमीटर दूर. कोकणात किनारा खचला तर आपले काय गेले, असे इथे सहज म्हटले जाते. पण राज्याचे उपग्रह-नकाशे करणारे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे नागपुरातच. त्यामुळे नकाशाचे पुढे काय होते, हे विचारण्याचा हक्क नागपूरकरांनाही आहे.

राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातला देशाचा किनारा उपग्रहांच्या चित्रांवरून तपासला. देशाची सुमारे ३४ टक्के किनारपट्टी झिजत असल्याचे दिसले. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण पाव हिस्सा. सरासरी ऐकायला बरी वाटते, पण देवबागच्या माणसाला तिचा उपयोग नाही. मालवण तालुक्यातल्या या गावाच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे किनारा किती झिजतो, याचे उत्तर गट नंबरागणिक बदलते.

कायदा मात्र वेगळेच मोजतो. २०११च्या किनारा नियमन क्षेत्र (सीआरझेड) अधिसूचनेत धूप आणि पूर जमेस धरणाऱ्या धोका रेषेला नियमात स्थान होते. २०१९च्या अधिसूचनेने ती रेषा आपत्ती व्यवस्थापनापुरती ठेवली. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून बांधकाम किती लांब हवे, हे आता लोकसंख्येवर ठरते: जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २,१६१हून जास्त वस्ती असेल, तर ना-विकास पट्टा ५० मीटर, नाहीतर २००. ही ५० मीटरची सवलत किनारा आराखडा मंजूर झाल्यावर मिळते, हे खरे. पण उधाणाची लाट जनगणना वाचून थांबत नाही. मग घर वाचवायला धूपप्रतिबंधक बंधारा मागायचा. तो बांधला की बऱ्याचदा लाटांचा मारा शेजारच्या वाळूवर सरकतो.

पण कोकणाला हसावे, असे आपल्या नागपुरातही काही नाही. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. नदीला पंचवीस वर्षांच्या पुराची निळी आणि शंभर वर्षांच्या पुराची लाल रेषा असते, हे अनेकांना त्या सकाळनंतर कळले. घर घेताना ते कुणी सांगत नाही, कारण खरेदीच्या कागदांत ती रेषा कुठेच नसते.

म्हणून मागणी एकच. किनाऱ्याची धोका रेषा असो वा नदीची पूररेषा, तिची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात आणि शहरात मिळकत पत्रिकेवर व्हावी. आज कर्ज आणि बोजा तिथे दिसतो; पाण्याचा हक्कही दिसू द्या. जमिनीचे भाव पडतील, अशी ओरड होईल. काही ठिकाणी पडतीलही. पण आज तो धोका विकणाऱ्याला माहीत असतो आणि घेणाऱ्याला नाही. नोंद झाली, तर बँक कर्ज देण्याआधी, ग्रामपंचायत दाखला देण्याआधी आणि ग्राहक इसार देण्याआधी ती वाचेल. नकाशावर झालेला खर्च तेव्हाच वसूल होईल.