धनेशाची ढोली कोण दाखवणार?

रविवारी हुबळी-धारवाडच्या नवनगरातून निघालेली गाडी दोनएक तासांत दांडेलीच्या जंगलात पोचते. जीप फिरते, वाघ दिसत नाही, मंडळी हिरमुसून परततात. अणशी राष्ट्रीय उद्यान आणि दांडेली अभयारण्य मिळून झालेल्या काळी व्याघ्र प्रकल्पातून माणसे अशी रिकाम्या हाताने परतावीत, हे नियोजनाचे अपयश आहे.

वाघ दिसला नाही तरी इथे धनेश पक्ष्याच्या चार जाती नांदतात. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून चोचीपुरती फट ठेवते. नर आठवडेच्या आठवडे वड-उंबराची फळे आणून तिला भरवतो. त्या फळांच्या बिया दूरवर पडतात, जंगल वाढते. जुने पोकळ झाड म्हणूनच मोलाचे. २०११मध्ये दांडेलीत धनेशासाठी खास संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. एवढी गोष्ट जीप सुटण्याआधी दहा मिनिटांत कन्नड, मराठी, कोकणीत सांगता येते.

नुसती माहिती देणे म्हणजे उलगडून सांगणे नव्हे, असे अमेरिकी लेखक फ्रीमन टिल्डन यांनी १९५७मध्येच बजावले होते. पाट्या पुरेशा नाहीत. इथल्या जोयडा तालुक्यातल्या कुणबी आणि गवळी धनगरांना इथले ऋतू, कंद, वाटा ठाऊक आहेत. त्यांना प्रशिक्षण आणि बारमाही मानधन द्या. भर पावसात त्यांनी हुबळी-धारवाडच्या शाळांत यावे. वनखात्याने यासाठी वेगळी तरतूद करावी, आणि पहिला वर्ग धनेशाच्या विणीच्या हंगामात, ढोलीपासून दूर, दुर्बिणी देऊन भरवावा.